रिकाम्या गावाचे चार हजार फोटो

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळची एसटी चुकली. बाईकने कुडाळ. वर्गात शिरलो तर मॅडम अजून आल्या नव्हत्या आणि मी दारात दिसताच पुढच्या बाकावरची दोन पोरं उभी राहिली. फर्स्ट इयर सुरू होऊन चार महिने झाले, तरी अधूनमधून कोणीतरी मला सर समजतंच. "बसा बसा," म्हटलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. वय वर्षे सत्तेचाळीस, विषय फिल्म आणि मीडिया.

आज एडिटिंग. एकच चेहरा. त्याच्यापुढे भाताचं ताट दाखवलं तर तो भुकेला वाटतो, पाळणा दाखवला तर मायाळू. चेहरा तोच. पोरं थक्क. वीस वर्षं लग्नाच्या व्हिडिओत दुसरं काय करतोय? नवरीची आई रडते, लगेच नवऱ्या मुलाचा गंभीर चेहरा. तो खरं तर तेव्हा पंगत कधी बसणार ते बघत असतो. याला शास्त्र आहे हे आज कळलं. घरी येताना शीळ घालत आलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅ. नी माझं प्रॅक्टिकल सगळ्यांसमोर लावलं. बाजाराचे शॉट. बघून म्हणाल्या, काका, तुमच्या फ्रेममधली सगळी माणसं कॅमेऱ्याकडे का बघतात? वर्ग हसला. मीही हसलो. लग्नात ज्याचं तोंड दिसत नाही तो पाहुणा वर्षभर बोलत नाही, हे त्यांना कसं सांगू. मॅ. चं स्वतःचं लग्न अजून व्हायचंय.

सेमिस्टरची फिल्म दिली. एक जागा, चार मिनिटांच्या आत. संवाद नाही, निवेदन नाही, गाणं नाही. १५ डिसेंबरला द्यायची. हीच नसली तर प्रॅक्टिकलला नापास, म्हणजे वर्ष गेलं. मला वेगळं थांबवून म्हणाल्या, "तुम्ही एकदा माणसं काढून टाका फ्रेममधून. माणसं गेली की जागा काय करते ते बघा."

वेंगुर्ल्याची रेचल डिसोझा माझी पार्टनर, ट्रायपॉड दोघांत एक. तिने जेटी घेतली. मला काही सुचेना.

८ नोव्हें., शनि

सं. ला विचारलं, माणसं नसलेली जागा कुठली. (सं. म्हणजे बायको. वहीत पूर्ण नाव दिसलं की तिला वाचायचा हक्क आहेसं वाटतं.) म्हणाली, "तुमचा डोक्या." मग स्वतःच इतकी हसली की आमटी उतू गेली.

आबा, माझे वडील, ओटीवर सुपारी कातरत होते. त्यांना माझं कॉलेज अजून पटलेलं नाही. फोटो तर तू हयच काढतंस, मग कुडाळाक कित्याक जातंस, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. उत्तर देता आलं असतं तर कॉलेजला गेलो नसतो.

१६ नोव्हें., रवि

तीन दिवसांत चार लग्नं. पाय सुजले. तुळशीची लग्नं झाली की माणसांची सुरू, मग आमचं जेवण उभ्यानेच. कालच्या लग्नात पहिल्यांदा अर्धा मिनिट कॅमेरा नवरा-नवरीवरून काढून मांडवाच्या मागच्या परातींवर धरला. एक बाई आली, परात घेतली, गेली. एक परात हलत राहिली. सुंदर दिसत होतं. नवऱ्याच्या मामाने विचारलं, काय बिघडला काय कॅमेऱ्याचा?

हा शॉट मी ठेवणार आहे. बघू, कोण ओरडतंय.

२१ नोव्हें., शुक्र. देवदिवाळी

देवळात कौल लागला. गावपळण. ७ डिसेंबरला सगळा गाव येशीबाहेर, म्हणजे वेशीच्या बाहेर. तीन वर्षांनी येते आमची. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, कोणी म्हणून मागे राहायचं नाही. तीन दिवस, तीन रात्री गाव देवाचा. चौथ्या दिवशी मानकरी देवळात जाऊन कौल घेतात, देवाने उजवा दिला की परत.

आबा मानकऱ्यांतले. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. घरी आले ते खुशीत, सं. ला म्हणाले यंदा झोपडीला माडाचे झाप जास्त लागतील, पोरं मुंबईहून येतायत सगळ्यांची. पंचाहत्तरीतला माणूस, पण गावपळण म्हटलं की सहलीला निघाल्यासारखा.

मलाही आवडते. तीन दिवस माळावर, खाडीचे मासे, फुगड्या, भजन. लाइटबिल नाही, घराची झाडलोट नाही. जगात कुठे असा गाव असेल?

२४ नोव्हें., सोम

एसटीत सुचलं. कसाल आलं तेव्हा. इतकं साधं की मोठ्याने हसलो, शेजारचे गृहस्थ सरकून बसले.

माणसं नसलेली जागा. आमचा गाव. आमचंच अंगण.

आत जायचं नाही, मान्य. पण कॅमेरा आत राहिला तर? पाण्यात चालणारा एक लहान कॅमेरा माझ्याकडे आहे, दोन पॉवरबँका जोडल्या तर चालेल. मिनिटाला एक फोटो. तीन दिवसांचे चार हजार तीनशे वीस. सेकंदाला पंचवीस धरले तर तीन मिनिटांच्या आत बसतं. चार मिनिटांच्या आत, बरोब्बर. कोणी कधी बघितलं नाही असं. कुणाला सांगितलं नाही.

२८ नोव्हें., शुक्र

मॅ. नी आज नेमका हाच विषय घ्यावा. ज्याचं चित्र घेता त्याची परवानगी. छापील संमतीपत्र वाटलं. नाव, सही, तारीख. रेचलने विचारलं, जागा कोणाचीच नसेल तर सही कोणाची? मॅ. म्हणाल्या, कोणाचीच नाही अशी जागा नसते, शोधा.

संमतीपत्र घडी करून खिशात ठेवलं. देवाची सही कुठे घेऊ. आबांची घेता आली असती. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. हे लिहून ठेवतो म्हणजे पुढे मला सोयीस्कर आठवायला नको.

६ डिसें., शनि

बांधाबांध. तांदूळ, डाळी, टोप, चटया, घोंगडी. सं. ने मसाल्याच्या बरण्या मोजून भरल्या, जशी काय तीन महिने चाललोय. कोंबड्या सगळ्या पिंजऱ्यात. मांजर नाही. सापडतच नाही.

पडवीच्या खिडकीत कॅमेरा लावून बघितला. अंगण, तुळस, पायवाट, मागे वाडीचं वळण. चांगली फ्रेम आहे. खरंच चांगली. मॅ. म्हणतात तशी, कोणीतरी येईल असं वाटणारी.

७ डिसें., रवि

निघालो. मांजर शेवटच्या क्षणी माळ्यावरून उतरलं, सं. ने पिशवीत घातलं, खाडीकडच्या उतरणीवर पिशवीतून उडी मारून परत पळालं. हाका मारल्या. फिरून जाणार कसं. आबा म्हणाले, रवांदे, तेका येस कळणा नाय.

त्याआधी, घरातून निघताना, आबांना पुढे पाठवून मी "कुलूप बघून येतो" म्हणून मागे राहिलो. कॅमेरा चालू केला. लाल ठिपका. दार ओढलं. आपल्याच घराचं दार ओढताना चोरासारखं वाटलं. निघालं की मागे वळून बघायचं नसतं, ते मात्र पाळलं.

माळावर दुपारपर्यंत झोपडी उभी. आमच्या शेजारी सुताराची, पलीकडे गुरवांची. सं. ने चूल मांडली. चहा पिताना खाडीपलीकडे गावाचे माड दिसत होते. धूर एकाही घरातून नाही.

८ डिसें., सोम

सकाळी खाडीत उतरलो. पालू मासे मिळाले, थोडी कर्लीही. सं. ने आंबट तिखट केलं. असलं जेवण घरात होत नाही, तीच बाई, तोच मसाला.

रेचल आली दुपारी, आईने दिलेली दोदोल मिठाईची पेटी घेऊन. बाहेरगावच्या माणसाला माळावर यायला काही नाही. तिला झोपड्यांचे शॉट घ्यायचे होते सरावाला. कॅमेरा काढण्याआधी प्रत्येक झोपडीत जाऊन विचारत होती, फोटो काढू का. आबांनाही विचारलं. आबा नीट बसले, सदरा ओढला. नंतर मला म्हणाले, पोरगी बरी आसा, विचारता.

रेचलने विचारलं, काका, तुमचा कॅमेरा? मी म्हटलं, चार्जिंगला. माळावर कुठलं चार्जिंग. ती पुढच्या झोपडीकडे वळली.

संध्याकाळी फुगड्या. सं. सत्तावीस वर्षांची असल्यासारखी फिरली. मी बघत बसलो. कॅमेरा नसताना बघायला बरं वाटतं, हे कधी कळणार होतं नाहीतर.

९ डिसें., मंगळ

न राहवून सं. ला सांगितलं. भाजी चिरत होती. विळी थांबली.

"कॅमेरो थंय आसा म्हणजे तुमीच थंय आसात."

म्हटलं, मी तर इथे तुझ्यासमोर. ती म्हणाली, मग तो कोणासाठी बघतोय? तिने परत चिरायला घेतलं. जेवणात मीठ बरोबर होतं, म्हणजे रागावली नाही. किंवा फार रागावली.

१० डिसें., बुध

मानकरी सकाळी आंघोळी करून गेले. आम्ही सामान बांधून बसलो. कोंबड्या पिंजऱ्यात, टोप पोत्यात. नगारा वाजला की निघायचं.

नगारा वाजला नाही. दुपारी आबा आणि बाकीचे परत आले. देवाने डावा दिला. आणखी एक दिवस.

पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना शाळा नको. बायकांनी पोती परत सोडली. आमच्या आठवणीत असं दोनदा झालंय. होतं.

शिकलेला माणूस मी, फर्स्ट इयरचा का होईना. कौलाचा आणि कॅमेऱ्याचा काय संबंध, हे मला कळतं. तरी मला भीती वाटली. खरी भीती. चारशे माणसं, गुरं, तान्ही मुलं एक दिवस जास्त माळावर, आणि मी एकटाच जाणतो की खिडकीत काय आहे.

चारला आबांना खाडीच्या कडेला घेऊन गेलो. सांगितलं सगळं. कॉलेज, फिल्म, मिनिटाला एक फोटो. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "केवढो?"

मी हाताने दाखवलं. काड्यापेटीएवढा.

त्यांनी माझ्या बोटांतलं ते अंतर नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "देवाक काय वाटला तां माका ठावक नाय. माका वायट वाटला. त्या पोरगेन विचारल्यान, तू विचारूक नाय."

एवढंच. जाताना म्हणाले, कोणाक सांगू नको. लहानपणी मार खाल्ला तेव्हा इतकं लागलं नव्हतं.

११ डिसें., गुरु

निघण्याआधी आबांनी माळावरच गाऱ्हाणं घातलं. दरवेळचंच. "रे महाराजा, ही तुझी लेकरां चार दिस येशीभायर बसली आसत. कोणाकडसून जाणता-अजाणता काय चुकला-माकला आसात, तां पोटात घाल आणि लेकरांक घराक घे." सगळे म्हणाले, व्हय महाराजा.

'जाणता' म्हणून आबा किंचित थांबले. किंवा मला तसं वाटलं. मी सगळ्यांत मोठ्याने व्हय महाराजा म्हटलं, सुताराने वळून बघितलं.

अकराला नगारा. माळ एकदम उठला. गुरं पुढे धावली, त्यांना वाट सांगावी लागत नाही. मला हसू आणि रडू दोन्ही येत होतं. पोरांनी रानातून झेंडू तोडून आणला होता, प्रत्येक दाराला अडकवत चालले.

मांजर चुलीवर झोपलेलं. कॅमेरा बंद पडलेला, ठिपका नाही. कधी बंद पडला कुणास ठाऊक. कार्ड काढलं. हातात घेऊन उभा होतो तर सं. ने माझ्या हातातून घेतलं आणि देवाच्या कोनाड्यात ठेवलं, निरांजनाच्या मागे.

१२ डिसें., शुक्र

कॉलेज. मॅ. ना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ओरडतील किंवा नाचतील. दोन्ही केलं नाही. खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, तुम्ही आधी विचारलं असतं तर कॅमेरा ठेवू नका म्हटलं असतं. पण आता ते आहे. दाखवायचं की नाही, हे मी सांगणार नाही, आणि मार्कांसाठी तर नक्कीच करू नका. सोमवारी दुसरं काही आणलंत तरी घेईन.

दुसरं काय आणू. दोन दिवसांत. रेचल म्हणाली, माझे माळावरचे शॉट घ्या. चांगले आहेत, चुली, पिंजरे, फुगड्यांचे पाय. पण ते तिचे. तिने विचारून घेतलेले.

एसटीत खिडकीशी बसलो. एक गोष्ट लिहितो. नापास झालो तर फार वाईट वाटेल. इतकं काही मला वीस वर्षांत आवडलं नव्हतं. सकाळी डबा घेऊन निघताना मला शाळेत जाणाऱ्या पोरासारखं वाटतं, पण आनंदाने जाणाऱ्या.

१३ डिसें., शनि

आबा दोन दिवस कमी बोलतायत. जेवतात नीट. सुपारी कातरतात. मी समोर गेलो की चष्मा पुसतात.

सं. म्हणते, तुमी दोगा एकाच मातीचे. विचारलं, म्हणजे? म्हणाली, बोलूचा आसता तेवा गप.

सुताराच्या मुलीचं लग्न २८ ला ठरलं, शूटिंग मला. तो म्हणाला, ते पराती-बिराती नको हां. बातमी पोहोचली म्हणायची.

१४ डिसें., रविवार

उद्या द्यायची. सकाळपासून काही केलं नाही. अंगण झाडलं. माड शिंपले. झाप परत रचून ठेवले. ठरवलं की उद्या मोकळ्या हाताने जायचं, मॅ. ना सांगायचं की माझ्याकडे फिल्म आहे पण ती माझी नाही. ठरवल्यावर बरं वाटलं. सं. ला सांगितलं, तिने मान डोलावली आणि दोन भजी जास्त वाढली.

दिवेलागणीला पडवीत कॉम्प्युटर पुसत होतो. आबा आले. मूठ पुढे केली. मुठीत कार्ड. कोनाड्यातून त्यांनीच काढलं होतं.

"ह्यात काय आसा तां तू बघलंस?"

नाही म्हटलं. ते स्टुलावर बसले. आधी गुडघे चोळत राहिले, मग सांगायला लागले. ही त्यांची पंचविसावी गावपळण. पहिली आईच्या कडेवर. पाच-सहा वर्षांचे असताना माळावर आईला विचारलं होतं, आपण नाही तेव्हा घरात काय होतं? तिने थोबाडीत दिली. त्यानंतर कोणालाच विचारलं नाही. मानकरी झाले, गाऱ्हाणं पाठ झालं, गावाला नेलं-आणलं. प्रत्येक वेळी उतरणीवर मान अवघडायची, म्हणाले, वळून बघायची नाही म्हणून.

मी म्हटलं, आबा, मी पुसून टाकतो. आत्ता तुमच्यासमोर.

"पुसू नको," ते म्हणाले. "पुढच्या पळणीक मी आसंन-नसंन."

सं. दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच. मी खिशातलं ते संमतीपत्र काढलं, चुरगळलेलं, का काढलं माहीत नाही. आबांनी घेतलं, उलटंसुलटं बघितलं, स्टुलावर ठेवलं. सही केली नाही. कॉलेजात नेऊचा काय नाय तां मगे बघूया, म्हणाले.

कार्ड लावलं. फोल्डर आला. चार हजार आणि वर काही. पहिल्या फोटोचं लहानसं चित्र दिसत होतं, आमचं अंगण, माझीच पाठमोरी सावली दारातून निघताना. पुढचे सगळे चौकोन बारीक, त्यात काय आहे ते कळत नाही.

"लावू?" मी विचारलं. या वेळी विचारलं.

"लाव," म्हणाले. मी माउस उचलला तर माझा हात धरला. "थांब. टोपी घालून येतंय."

तर आबा आत गेलेत. तेवढ्यात हे लिहून घेतोय. सं. ने हात धुतले, पदर डोक्यावर घेतला, स्टुलाच्या मागे उभी आहे. आत ट्रंक उघडल्याचा आवाज झाला. देवळात जायची टोपी ट्रंकेत असते, तळाला, कपड्यांच्या घडीखाली. वेळ लागेल.